अंबाडीच्या केसांची गोरी बाई

मराठवाड्यात आठवडाभर राहून आले म्हटल्यावर सोलापुरात जो तो पाण्याचंच विचारतो. पाणी नव्हतं, हे खरं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेला मुलूख मी पाहिला. पण मला सांगायचं आहे ते निराळं. मी तिकडे नाटकात काम करायला गेले होते, आणि ती नाटकं होती अमेरिकेतल्या काळ्या माणसांची.

नांदेडच्या एका हौशी नाट्यसंस्थेने या उन्हाळ्यात तीन नाटकांचा हंगाम घ्यायचं ठरवलं. तिन्ही नाटकं कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या वाघमारे सरांनी लिहिलेली. पहिलं कापसाच्या मळ्यातल्या मजुरांचं. दुसरं गाव सोडून रेल्वेने उत्तरेकडच्या शहरात पोट भरायला निघालेल्या कुटुंबाचं. तिसरं ‘मुक्काम’, एका काळ्या शिक्षिकेचं. तालीम नांदेडला, प्रयोग भोकर, उदगीर आणि शेवटी लातूर. सरांनी मला मागे एका स्पर्धेत पाहिलं होतं. त्यांचं बोलावणं आलं तेव्हा मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली होती. मी रंगाची पेटी काढली, त्यात काजळाची मोठी डबी आणि करवंटी जाळून केलेली पूड भरली, आणि एसटीत बसले. ‘मुक्काम’मधली ती शिक्षिका मीच करणार, हे मी मनाशी धरून चालले होते.

नांदेड

गोदावरीच्या पुलावरून रिक्षा चालली तेव्हा मी नदी शोधत होते. खाली वाळू होती, वाळूत कलिंगडांचे ढीग होते, आणि पार पलीकडच्या कडेला पाण्याची एक पट्टी चमकत होती. रिक्षावाला म्हणाला, “ही नदीच हाय बाई. सध्या लई परेशान हाय.”

दुपारी सरांनी गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं. पंगतीत बसून गरम रोटी आणि दाट डाळ खाल्ली. वाढणारा प्रत्येकासमोर सारखाच वाकत होता. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याचा हात माणूस पाहून सैल-आखड होतो, ते आठवलं.

तालीम एका शाळेच्या वर्गात होती. मी पेटी उघडून काजळाची डबी बाहेर ठेवली. तिथली मुलं-मुली एकमेकांकडे बघू लागली.

“हे कशाला?” सरांनी विचारलं.

“काळं करायला. निग्रोंची नाटकं ना?”

सर हसले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, इथं कुणाला काळं करायचं न्हाई. आम्ही हाव तसेच उभे राहतो. रंग तुम्हाला लावायचाय. पांढरा.”

मला गोऱ्या बाईचं काम दिलं होतं. तिन्ही नाटकांत. मळ्याच्या मालकाची बायको, शहरातली घरमालकीण, आणि ‘मुक्काम’मधली मिसेस ब्रुक्स, जिचं प्रवाशांसाठी खोल्या देणारं घर आहे. मला धक्का बसला, आणि रागही आला. मी विचारलं, तुमच्याकडे एवढ्या मुली आहेत, त्यांतली एखादी का नाही?

“करून पाहिलं की,” सर म्हणाले. “पण ‘इथं जागा नाही’ हे वाक्य आलं की त्यांना हसूच येतं. एकीलाबी नीट म्हणता येईना. तुम्हाला जमंल.”

शिक्षिकेचं काम सुनंदा सोनकांबळे करत होती. सावळी, उंच, आवाज जरा खर्जातला. सरकारी नोकरीची परीक्षा पास झाली होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तिथं नवी ऑफिसं उघडत होती, आणि तिची नेमणूक तिथेच लागली होती. शेवटचा प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. तिनेच माझ्यासाठी टोप केला होता, अंबाडीचा. अंबाडीच्या सालीचे पिवळट धागे धुऊन, विंचरून, मागे अंबाडा घातलेला. डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं तर मला मीच ओळखू येईना.

“कशी दिसते?” मी विचारलं.

“दूरची,” सुनंदा म्हणाली.

भोकर

भोकरला प्रयोग शाळेच्या मैदानावर, सूर्य मावळता मावळता सुरू झाला. आमचा रंगमंच म्हणजे चार पलंग जोडून त्यावर अंथरलेली सतरंजी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. कापसाच्या मळ्याचं नाटक होतं. इथे कापूस कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मजूर वेचणीचं गाणं म्हणू लागले तशा समोरच्या बायकाही त्या तालावर हलायला लागल्या.

माझा प्रवेश आला. मी मालकीण म्हणून दाराशी उभी राहते आणि उन्हात काम करणाऱ्या बाईचं तान्हं पोर ओट्यावरून खाली ठेवायला सांगते. एवढंच काम. मी ते म्हटलं आणि बायकांच्या बाजूने कसला तरी आवाज आला. शिवी नव्हती ती. दातांवरून जीभ ओढल्यासारखा आवाज.

प्रयोग संपल्यावर खरी पंचाईत झाली. रंग धुवायला पाणी नव्हतं. टँकर दोन दिवस आला नव्हता आणि पिण्याच्या हंड्यातलं मागायची मला लाज वाटली. सुनंदाने खोबरेल तेल आणि जुन्या लुगड्याचा तुकडा आणून दिला. मी अर्धा चेहरा पुसत बसले होते तेवढ्यात पाच-सहा बायका जवळ आल्या. त्यांनी सुनंदाच्या दंडावरून हात फिरवला, तिला जवारीची भाकरी आणि जवसाची चटणी दिली. मलाही दिली, पण पान जरा लांबून सरकवलं.

त्यांतली एक वयस्क बाई माझ्यासमोर बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

“बाई, तुमच्या घरी कामाला कोण येतं?”

“येते एक. शांताबाई.”

“तिला लेकरं हाईत का?”

शांताबाई सहा वर्षं येते. मला माहीत नव्हतं.

उठताना ती बाई माझ्या पानाकडे बघून म्हणाली, “चटनी झोंबंल. तेल घ्या वरून.” जवसाची ती चटणी आमच्या शेंगाच्या चटणीपेक्षा कडक होती. चव चांगली होती.

उदगीर

उदगीरला आल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. आम्ही सोलापूरचे हिरेमठ, घरात कानडी बोलतो. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल कानडीत हिशेब करत होते, भाजीवालीने “बा अक्का”, ये ताई, म्हणून हाक मारली. सकाळी किल्ल्यावर गेलो. तटावरून चारी बाजूंना बघितलं तर सगळं एकाच रंगाचं, भाजलेल्या मातीचं. किल्ल्यातल्या विहिरीच्या तळाशी कबुतरं बसली होती.

संध्याकाळी स्टेशनाजवळच्या गोदामात रेल्वेचं नाटक झालं. बाहेर खरी गाडी शिट्टी देऊन गेली, नेमकी नाटकातलं कुटुंब पेट्या उचलत असताना. लोकांना वाटलं तीही आमचीच योजना. खूप टाळ्या पडल्या. मध्येच वीज गेली, मग गॅसबत्त्या आणल्या, आणि त्या भगभगीत उजेडात माझा पांढरा चेहरा इतका भयानक दिसला म्हणे की पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

त्या रात्री जेवताना सुनंदा माझ्याशी पहिल्यांदा मोकळं बोलली. तिचे वडील भोकरजवळच्या खेड्यात दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. घरात पहिली नोकरी तिची. आईने स्वतःची लोखंडी पेटी दिली होती. ‘मुक्काम’मध्ये ती जी पेटी घेऊन यायची ती हीच, आत तिचे खरे कपडे, खरी भांडी. लातूरला प्रयोग झाला की पेटी तशीच नव्या खोलीत न्यायची, असा बेत होता.

“खोली बघितलीस का?” मी विचारलं.

“पत्ता हाय एका ठिकाणचा. ताई, परवा तुम्ही चलाल का संगं? दोघी असलो की बरं दिसतं.”

लातूर

नवा जिल्हा म्हणजे काय ते लातुरात पाय ठेवल्याबरोबर कळतं. जिकडे तिकडे ओला चुना. भाड्याच्या इमारतींवर ऑफिसांच्या ताज्या पाट्या. रिक्षावाल्यालाही कुठलं ऑफिस कुठे आहे ते ठाऊक नाही. आणि बाहेरगावाहून आलेले कारकून, शिपाई, साहेब सगळे एकच गोष्ट शोधत होते, राहायला खोली.

आम्ही सकाळीच निघालो. घर छान होतं, दारात तुळस, सारवलेलं अंगण. शकुंतलाबाई नावाच्या पन्नाशीच्या बाईने दार उघडलं. कपाळावर विभूती, हसरा चेहरा. मी नाव सांगितलं, हिरेमठ, सोलापूर, आणि त्यांनी माझा हातच धरला.

“म्हणजे आपल्यातल्याच की. या, या. नाटकवाल्या का तुम्ही? आमचे हे नाट्यगृहाच्या कमिटीवर आहेत. आज आम्ही पुढच्या रांगेत असणार.”

चहा आला, दोघींनाही. त्यांनी आम्हाला खोली दाखवली. माडीवरची, दोन खिडक्या, स्वतंत्र जिना. मग मागच्या अंगणात नेलं. विहिरीवरची फळी बाजूला करून म्हणाल्या, “वाकून बघा. सगळ्या लातुरात बोंब आहे, पण देवाच्या कृपेने आमची विहीर अजून आटली नाही.” खाली पाणी काळंभोर चमकत होतं. सुनंदा वाकून बघत राहिली. एवढं पाणी आम्ही आठवडाभरात एका जागी पाहिलं नव्हतं.

“तर तुम्ही कधी येणार राहायला?” त्यांनी मला विचारलं.

“मी नाही. ही राहणार आहे. हिची नेमणूक झालीय इथे.”

“असं का? नाव काय ग बाई तुझं?”

“सुनंदा सोनकांबळे.”

शकुंतलाबाईंचं हसू गेलं नाही, हे मला विशेष वाटलं. ते तसंच राहिलं. फक्त त्या विहिरीवर फळी ओढू लागल्या.

“तशी खोली आहे,” त्या म्हणाल्या, “पण पाणी पुरत नाही हो. आमचं आम्हालाच पुरत नाही.”

फळी अजून पुरती सरकलीही नव्हती. मधल्या फटीतून पाणी दिसत होतं. सुनंदा म्हणाली, “बरं काकू. येतो आम्ही.” दारापर्यंत शकुंतलाबाई सोडायला आल्या आणि मला म्हणाल्या, “संध्याकाळी भेटूच.”

रस्त्यावर आल्यावर मी वेड्यासारखी पुन्हा पुन्हा म्हणत होते, “विहीर दाखवली ग तिने. आधी दाखवली.”

“हाव,” ती म्हणाली. “ह्ये चौथं घर हाय ताई. आधीची तीन मी पत्रानंच विचारली होती. चला, तालमीला उशीर होऊन राहिला.”

‘मुक्काम’

या नाटकाचा शेवट असा होता: काळी शिक्षिका एस्थर बदलीच्या गावी उतरते. बाहेर पाऊस. ती पेटी घेऊन मिसेस ब्रुक्सच्या दारात येते. मिसेस ब्रुक्स अगदी गोड बोलते आणि म्हणते, सगळ्या खोल्या भरल्यात. एस्थर मान खाली घालते, पेटी उचलते, निघून जाते. मग वरच्या रिकाम्या खोलीत दिवा लागतो आणि पडदा पडतो.

नाट्यगृह भरलं होतं. पुढे शहरातली मोठी मंडळी, नव्या ऑफिसांतले साहेब, आणि शकुंतलाबाई नवऱ्याशेजारी. मागे विद्यार्थी आणि वस्तीवरची माणसं. मी अंबाडीचा टोप घालून दारात उभी होते.

“माफ करा, सगळ्या खोल्या भरल्यात,” मी म्हटलं.

सुनंदाने मान खाली घालायची होती. तिने पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

मी थांबले. मला वाटलं ती विसरली. विंगेतून वाघमारे सर हाताने खुणा करत होते. सुनंदा माझ्याकडे वर बघून म्हणाली, “बाई, वरच्या खोलीत दिवा न्हाई. तिथं कुणी राहत न्हाई. मी जात न्हाई. तुम्ही सांगा का देत न्हाई ते.”

संहितेत पुढे काहीच नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

“खोली आहे,” मी म्हणाले. “पण पाणी पुरत नाही हो. आमचं आम्हालाच पुरत नाही.”

धो धो पावसातल्या अमेरिकेत हे वाक्य. क्षणभर काही झालं नाही. मग अगदी मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसू पुढे पुढे येत मधल्या रांगांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पुढच्या तीन रांगांत कुणी हललं नाही. मला शकुंतलाबाईंकडे बघायचं धाडस झालं नाही.

मी इथेच थांबायला हवं होतं. पण माझं तोंड चालूच राहिलं. “आमचं काही नाही हो,” मी म्हणाले, “आम्ही तसलं काही मानत नाही. पण सासूबाई जुन्या वळणाच्या. शिवाय तुलाच अवघडल्यासारखं होईल. तुझ्या माणसांत तुला बरं पडेल. तिकडे सोय होते तुमची.”

आवाज माझा होता. मिसेस ब्रुक्सचा म्हणून मी जो बारीक, परका आवाज आठवडाभर लावत होते तो नव्हे. घरात बोलते तो, दारावर कुणी आलं की बोलते तो. आणि हे शब्द शकुंतलाबाईंचे नव्हते. त्या एवढं बोललेल्याच नव्हत्या. मला ते कुणी शिकवले नव्हते, सुचवले नव्हते. ते एकामागून एक, न अडखळता, गोड होऊन येत होते.

सुनंदा उठली. पेटी उचलली आणि विंगेकडे न जाता रंगमंचाच्या पायऱ्या उतरली. मधल्या वाटेने, पुढच्या रांगेवरून, सगळ्या लोकांमधून चालत ती दाराबाहेर गेली. दिवा लावायचा राहिला. पडदा कुणी पाडला ते मला आठवत नाही.

बाहेर ती चहाच्या गाड्याजवळ पेटीवर बसलेली सापडली. सर आणि मी पोचलो तेवढ्यात मागून शकुंतलाबाई आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी सुनंदाचे दोन्ही हात धरले.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी सामान घेऊन ये. खोली तुझीच. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.”

त्या मनापासून बोलत होत्या. अजूनही मला तसंच वाटतं. वाघमारे सरांचा चेहरा उजळला. तीन नाटकं लिहिल्याचं सार्थक झालं, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मीसुद्धा सुटकेचा श्वास टाकला.

“नको काकू,” सुनंदा म्हणाली.

आम्ही तिघेही तिच्याकडे बघत राहिलो. शकुंतलाबाईंना आधी कळलंच नाही. “अग, भाडंसुद्धा तू म्हणशील ते.”

“भाड्याचं न्हाई. सकाळी मी तुमच्या दारात आले तवा तुम्ही न्हाई म्हणलात. आता नाटक बघून हाव म्हणून राहिलात. मग तिथं ऱ्हायचं म्हणजे मला रोज नाटक करावं लागंल. ऑफिसातून येऊन मी लई थकलेली असेन.”

हे ती रागावून बोलली नाही. चहाचा रिकामा कप तिने गाड्यावर ठेवला, शकुंतलाबाईंना वाकून नमस्कार केला. शकुंतलाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग दारात थांबलेल्या नवऱ्याकडे गेल्या. सर म्हणाले, “सुनंदा, माझा शेवट चुकलेलाच होता.”

परतीच्या सकाळी

रुळांपलीकडच्या वस्तीत गयाबाई नावाची दवाखान्यातली आया राहते. तिने आपल्या खोलीतली अर्धी जागा सुनंदाला दिली. वर पत्रा, आत एक खिडकी, पाणी टँकरचं. पेटीची एक कडी सुनंदाने धरली, दुसरी मी, आणि आम्ही रूळ ओलांडून चाललो. ऊन सकाळीच तापलं होतं. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती पेटीला लागू नये म्हणून जरा वाकडी चालत होती. ऑफिसात हजर व्हायचं होतं.

मला रात्रभर झोप नव्हती. मी वाटेतच विचारलं, “सुनंदा, काल मी जे बोलले त्याचा राग आला का तुला?”

ती थांबली. पेटी खाली ठेवून तिने हात बदलला.

“राग कशाला ताई. मीच तर विचारलं होतं तुम्हाला, का देत न्हाई म्हणून.” मग जरा विचार करून म्हणाली, “खरं सांगू? तुम्ही त्या काकूंपेक्षा चांगलं म्हणलात. कुठं अडलाच न्हाईत. तवाच मला भ्या वाटलं, आन् मी उठले.”

तिने पुन्हा पेटीची कडी धरली. मी दुसरी धरली. गयाबाईच्या दारापर्यंत पेटी तिच्या साडीला लागू नये म्हणून मी ती माझ्याकडे ओढून धरली.